जुना गेमिंग संगणक: सगळा बदलावा की आहे त्याच बोर्डावर सुधारावा?

तुम्ही ऐरोलीच्या घरी वापरत असलेल्या संगणकाची माहिती इतर वाचकांसाठी आधी एकत्र मांडतो. २०१८ साली असेंबल करून घेतलेला हा संगणक आहे. त्यात रायझन ५ १६०० प्रोसेसर, बी३५० चिपसेटचा मदरबोर्ड, आठ जीबी डीडीआर४ रॅमची एकच पट्टी, तीन जीबी मेमरीचे जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड, विंडोज १० साठी १२० जीबीचा एसएसडी, गेमसाठी एक टीबीची हार्ड डिस्क आणि ४५० वॉटचा एक साधा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा भाग, आहे. मॉनिटर फुल एचडी, ६० हर्ट्झचा आहे. व्हॅलोरंट हा ऑनलाइन नेमबाजीचा गेम अधूनमधून अडखळतो, नवे मोठे गेम चालतच नाहीत, आणि हाताशी ३५,००० रुपये आहेत. दुकानदाराने सगळेच जुने झाले असून पूर्ण नवा संगणक घ्या असे सुचवले, तर मित्राने फक्त ग्राफिक्स कार्ड बदल असा सल्ला दिला. या दोघांपैकी कोणाचे ऐकावे, असा तुमचा प्रश्न आहे.

माझे मत दोघांपेक्षा वेगळे आहे. मदरबोर्ड आणि कॅबिनेट तेच ठेवावे आणि बाकीचे भाग एका ठरावीक क्रमाने बदलावेत. नव्या पिढीच्या एएम५ बोर्डावर जायचे म्हटले की बोर्ड, प्रोसेसर आणि डीडीआर५ रॅम ही तिन्ही एकदम घ्यावी लागतात, कारण तुमची डीडीआर४ रॅम त्यावर बसत नाही. त्यातच २०२५ च्या अखेरीपासून मेमरीचे भाव फार चढले आहेत, त्यामुळे तुमची बहुतेक रक्कम ग्राफिक्स कार्डापर्यंत पोहोचण्याआधीच संपेल. याउलट, तुमच्याकडे असलेले एएम४ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा, हे अपवादात्मक भाग्य आहे. २०१७ साली आलेल्या पहिल्या रायझनपासून २०२२ साली आलेल्या रायझन ५ ५६०० पर्यंतचे प्रोसेसर या एकाच सॉकेटवर बसतात, आणि २०२२ मध्ये बी३५० सारख्या जुन्या चिपसेटनाही ५००० मालिकेसाठी बायोसचे, म्हणजे बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरचे, अपडेट मिळाले. त्याच काळातल्या इंटेलच्या सातव्या पिढीचा संगणक तुमच्याकडे असता, तर मी हा सल्ला इतक्या खात्रीने दिला नसता.

खरेदी ठरवताना मी एक नियम पाळतो आणि तो तुम्हीही पाळावा असे मनापासून वाटते. जो भाग पुढच्या संगणकातही जाणार आहे, तो नवा, चांगल्या प्रतीचा आणि वॉरंटीसह घ्यावा. जो भाग या बोर्डाबरोबरच निवृत्त होणार आहे, त्यावर कमीत कमी पैसे घालावेत आणि शक्य असेल तर तो सेकंड हँड घ्यावा. एसएमपीएस आणि एसएसडी पहिल्या गटात येतात, प्रोसेसर आणि डीडीआर४ रॅम दुसऱ्या गटात. ग्राफिक्स कार्ड पुढे नेता येते, पण त्याची किंमत सर्वांत जास्त असल्याने त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो.

पैसे काढण्यापूर्वी मोजमाप करावे. एमएसआय आफ्टरबर्नर हे मोफत सॉफ्टवेअर कोणत्याही कंपनीच्या कार्डावर चालते आणि गेम सुरू असतानाच पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाचा वापर, तापमान, कार्डाची भरलेली मेमरी, रॅम आणि प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरवरचा भार दाखवते. कार्डाचा वापर सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल, तर कार्ड थकलेले आहे. तो साठ-सत्तर टक्क्यांवरच रेंगाळत असेल आणि तरीही फ्रेम कमी पडत असतील, तर कार्ड रिकामे बसून प्रोसेसरची वाट पाहत आहे. शंका राहिलीच तर गेमचे रेझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणून पाहावे. फ्रेमची संख्या जवळजवळ तेवढीच राहिली, तर दोष कार्डाचा नाही. प्रोसेसरचा एकूण भार ४० टक्के दिसतो म्हणून तो निर्दोष आहे असे समजू नये, कारण बारा थ्रेडपैकी (प्रोसेसर एका वेळी हाताळतो त्या कामाच्या धाग्यांपैकी) एक-दोनच पूर्ण भरलेले असतील तरी एकूण आकडा लहानच दिसतो. व्हॅलोरंटसारखे गेम मुख्यतः प्रोसेसरवर अवलंबून असतात, तेव्हा त्यातले अडखळणे नवे कार्ड लावूनही तसेच राहण्याची शक्यता मोठी आहे. म्हणूनच तुमच्या मित्राचा सल्ला मला अर्धाच पटतो. मोठ्या गेममध्ये मात्र टेक्स्चरची पातळी सर्वांत खाली आणून पाहा. अडखळणे थांबले, तर कार्डाची तीन जीबी मेमरी अपुरी पडते आहे, आणि कार्ड तो जास्तीचा माल साध्या रॅममधून ओढून आणत आहे, असा त्याचा अर्थ होतो.

मोजमापातले तापमानाचे आकडे आपल्याकडे विशेष लक्ष देऊन पाहावेत. ऐरोली, कळवा, कोपरी या खाडीलगतच्या भागांत हवेत ओलावा कायम असतो आणि घोडबंदर रोडसारख्या ठिकाणी बांधकामाची बारीक धूळ असते. ही दोन्ही मिळून कूलरच्या पट्ट्यांमध्ये असा थर बसतो की तो साध्या फुंकरीने निघत नाही. रायझन ५ १६०० ची तापमानमर्यादा ९५ अंश आहे आणि जीटीएक्स १०६० साधारण ८३ अंशांपासून स्वतःचा वेग उतरवू लागते. तुमचे आकडे याच्या जवळ असतील, तर विकत घेतलेला वेगसुद्धा तुम्हाला पूर्ण मिळत नाही. कॅबिनेट गॅलरीत नेऊन ब्लोअरने साफ करावे, पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत म्हणजे ती वाऱ्याने भरधाव फिरणार नाहीत, आणि थर्मल पेस्ट नवी लावावी. एएम४ चा कूलर काढताना एक काळजी अत्यंत आवश्यक आहे. आधी संगणक दहा-पंधरा मिनिटे गेमवर चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी, मग संगणक बंद करून प्लग काढावा, आणि कूलर सरळ वर न ओढता हलके डावीकडे-उजवीकडे फिरवून सुटा करावा. वाळलेल्या पेस्टमुळे प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि त्याच्या खालच्या पिना वाकतात. असे वाकलेल्या पिनांचे प्रोसेसर दुरुस्तीला नेहमी येतात आणि ते सगळेच वाचत नाहीत.

आता रॅम. एकच पट्टी असल्यामुळे तुमची मेमरी सिंगल चॅनेलवर, म्हणजे निम्म्या बँडविड्थवर चालली आहे, आणि रायझनला ही उणीव जास्त जाणवते. आठ-आठ जीबीच्या दोन सारख्या पट्ट्या, ३२०० वेगाच्या, एवढे पुरेसे आहे. जुनी पट्टी त्याच वेगाची असेल तर तिची जोड शोधावी. नसेल तर ती विकून जोडी घ्यावी. पट्ट्या प्रोसेसरकडून मोजल्यास दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवाव्यात आणि बायोसमध्ये एक्सएमपी प्रोफाइल, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारे सेटिंग, सुरू करावे. हे प्रोफाइल कधीच सुरू न केल्यामुळे ३००० वेगाची रॅम वर्षानुवर्षे २१३३ वर चालत राहिलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. रॅम सेकंड हँड घेण्यात धोका कमी आहे. घरी आणल्यावर रात्रभर मेमटेस्ट ही रॅमची चाचणी चालवावी, एकही चूक दिसली तर ती परत करावी, आणि तसे विकणाऱ्याशी आधीच बोलून ठेवावे.

साठवणुकीबाबत फार लिहिण्याची गरज नाही. हार्ड डिस्कवरून सेकंदाला साधारण १५० एमबी मिळतात, साटा एसएसडीवरून ५५० पर्यंत, आणि तुमच्या बोर्डावरच्या एम.२ खाचेत बसणाऱ्या एनव्हीएमई एसएसडीवरून ३००० च्या पुढे. गेममधला मोठा फरक हार्ड डिस्क सोडताना पडतो. साटा आणि एनव्हीएमई यांतला फरक खेळताना क्वचितच जाणवतो. सायबरपंक २०७७ आणि स्टारफील्ड यांसारख्या गेमच्या किमान गरजांतच आता एसएसडी लिहिलेला असतो. एक टीबीचा नवा एसएसडी घ्यावा, आणि दोन्ही प्रकारांचे भाव सारखे असतील तर एनव्हीएमई निवडावा.

प्रोसेसरसाठी रायझन ५ ५६०० ही माझी निवड आहे. कोअर सहाच, थ्रेड बाराच, वीजमर्यादाही ६५ वॉटच, पण प्रत्येक कोअर कितीतरी वेगवान आहे आणि ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) सहाही कोअरना एकत्र वापरता येते. दुकानात ५६०० नाही, पण ५५०० किंवा ५६००जी आहे, एकच गोष्ट आहे, असे ऐकायला मिळते. ती एकच गोष्ट नाही. त्या दोन्हींत एल३ कॅश निम्मी, म्हणजे १६ एमबी आहे, आणि गेममध्ये हा फरक दिसतो. भाव बराच उतरत असेल तरच ते घ्यावेत. ५८००एक्स सारख्या १०५ वॉटच्या प्रोसेसरचा मोह या बोर्डावर टाळावा, कारण बी३५० च्या स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर अनेकदा हीटसिंकसुद्धा नसते आणि मे महिन्याच्या उकाड्यात तो भाग होरपळतो. प्रोसेसर सेकंड हँड घेतला तरी चालतो. हा भाग सहसा बिघडत नाही. पिना सरळ आहेत ना एवढे उजेडात निरखून पाहावे. तुमचा जुना कूलर याच्यावर बसेल.

यातली खरी जोखीम बायोस अपडेटची आहे, म्हणून त्यावर थोडे थांबतो. बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या अचूक मॉडेलची प्रोसेसर सपोर्ट यादी उघडावी आणि त्यात ५६०० समोर कोणती बायोस आवृत्ती लिहिली आहे ते पाहावे. मॉडेलच्या नावातले एखादे अक्षर किंवा बोर्डावर छापलेला रिव्हिजन क्रमांक वेगळा असेल, तर फाइलही वेगळी असते. यादीत ५६०० नसेल, तर प्रोसेसर विकत घेऊ नये. अपडेट जुना प्रोसेसर बोर्डावर असतानाच करायचे असते; नवा बसवल्यावर पडदाच उजळणार नाही. फार जुन्या बायोसवरून काही बोर्डांना मधल्या एका आवृत्तीवर थांबून पुढे जावे लागते, आणि ही सूचना डाउनलोडच्या पानावरच असते. पेनड्राइव्ह एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करावा आणि काम यूपीएसवर करावे. पावसाळ्यात दुपारी वीज गेली आणि बायोस अर्धवट लिहिला गेला, तर तो बोर्ड घरी जिवंत करणे कठीण असते. याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते तपासून त्याची रिकव्हरी की लिहून ठेवावी, कारण प्रोसेसर बदलला की प्रोसेसरमध्ये असलेल्या टीपीएम या सुरक्षा भागाच्या किल्ल्याही बदलतात आणि डिस्क कुलूपबंद होऊ शकते.

या बदलाचा आणखी एक फायदा तुमच्या लक्षात आलेला नसावा. विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि रायझनची पहिली पिढी विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाही, ५६०० आहे. बायोसमध्ये एफटीपीएम (प्रोसेसरमधला तोच टीपीएम) सुरू करावे, सीएसएम (जुन्या पद्धतीने संगणक सुरू करण्याची सोय) बंद करावे आणि नव्या एसएसडीवर विंडोज ११ यूईएफआय पद्धतीने कोरे टाकावे. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट दोन्ही लागतात, आणि जुने इन्स्टॉलेशन तसेच पुढे नेले तर नेमके इथेच अडते.

ग्राफिक्स कार्डाआधी एसएमपीएस. सात-आठ वर्षे चाललेल्या साध्या एसएमपीएसमधले कपॅसिटर थकलेले असतात, आणि त्याचे पहिले लक्षण म्हणजे इतर वेळी ठीक चालणारा संगणक फक्त गेममध्ये अचानक बंद होऊन पुन्हा सुरू होणे. नव्या कार्डाखाली जुना एसएमपीएस ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगतो, कारण तो जाताना सोबत बोर्ड आणि कार्डही नेऊ शकतो. ५५० किंवा ६५० वॉटचा, ८० प्लस ब्राँझ आणि पाच वर्षांची वॉरंटी असलेला नवाच घ्यावा. ८० प्लसचा शिक्का विजेच्या कार्यक्षमतेबद्दल असतो, भागांच्या टिकाऊपणाबद्दल तो काही सांगत नाही. त्यासाठी वॉरंटीची वर्षे हा जास्त भरवशाचा निकष आहे. घरी ६०० व्हीएचा यूपीएस असेल, तर त्याची खरी क्षमता साधारण ३६० वॉट असते, त्यात मॉनिटरही आला, हे लक्षात ठेवावे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत आणि वाशीच्या जुन्या सिडको वसाहतींत ही तक्रार दुर्मीळ नाही.

कार्ड निवडताना तुमच्या बोर्डाची एक मर्यादा विसरून चालणार नाही: त्यावर पीसीआय एक्सप्रेसची, म्हणजे कार्ड आणि बोर्ड जोडणाऱ्या मार्गाची, तिसरी पिढीच आहे. आरएक्स ६५०० एक्सटी सारखी कार्डे या मार्गाच्या फक्त चार लेन वापरतात आणि त्यांची मेमरीही बहुतेक वेळा चार जीबीच असते. तुमच्या बोर्डावर ती आणखी मंदावतात, म्हणून कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत. आठ लेनच्या कार्डांचे, उदाहरणार्थ आरएक्स ६६०० किंवा आरटीएक्स ४०६० यांचे, नुकसान थोडे असते, मात्र त्यांची आठ जीबी मेमरी भरली की तेच नुकसान वाढते. आरटीएक्स ३०६० सोळा लेन वापरते आणि तिची मेमरी बारा जीबी आहे. तुमचा पडदा ६० हर्ट्झचा असल्याने ध्येय स्थिर ६० फ्रेमचे ठेवावे. त्याहून मोठ्या कार्डाची ताकद या मॉनिटरवर वाया जाईल आणि तो पैसा एसएमपीएसमधून कापला जाईल, जे मला अजिबात मान्य नाही. इंटेलच्या आर्क बी५८० वर बारा जीबी मेमरी चांगल्या भावात मिळते, पण तिला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि मध्यम प्रोसेसरवर तिचा ड्रायव्हर जास्त ताण टाकतो. तुमच्या बोर्डावर मी ती सुचवणार नाही. रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढण्याचे, हार्डवेअर नसलेल्या कार्डांवर २०२५ चा डूम: द डार्क एजेस सुरूच होत नाही, आणि १००० मालिकेला एनव्हिडियाचे नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाले आहेत. म्हणजे तुमची जीटीएक्स १०६० बदलायची आहेच, फक्त तिचा क्रम शेवटचा आहे.

माझी पहिली पसंती वॉरंटी शिल्लक असलेली, बिलासह मिळणारी सेकंड हँड आरटीएक्स ३०६० बारा जीबी. ती न मिळाल्यास नवी आरएक्स ६६०० किंवा त्या वेळी तिच्याच भावात बसणारे आठ जीबीचे कार्ड. नावे मात्र बारकाईने वाचावीत. ३०६० आठ जीबीचीही येते आणि तिची मेमरी बस (मेमरीपर्यंतचा मार्ग) अरुंद असल्याने ती बरीच मंद असते. आरएक्स ५८० च्या नावाखाली कमी कोअरची २०४८ एसपी आवृत्ती सर्रास विकली जाते. तुमच्या तीन जीबी १०६० मध्येसुद्धा सहा जीबीच्या तुलनेत मेमरीबरोबरच कोअरही कमी आहेत, ११५२ विरुद्ध १२८०, हे घेताना कोणी सांगितले नसावे.

इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक्स कार्डावरचे मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ रोजी थांबले आणि त्यानंतर वापरलेल्या कार्डांचा मोठा साठा बाजारात उतरला. ती कार्डे आजही हातोहात फिरत आहेत. मायनिंग केलेले प्रत्येक कार्ड वाईट असते असे नाही, पण पंखे आणि थर्मल पॅड झिजलेले असतात. विकणाऱ्याच्या घरी जाऊन, त्याच्याच संगणकावर कार्ड किमान वीस मिनिटे पूर्ण भारावर चालवून पाहावे, हॉटस्पॉटचे (चिपच्या सर्वांत गरम जागेचे) तापमान सरासरीपेक्षा किती वर जाते ते बघावे, पंख्याची घरघर ऐकावी आणि कार्डावरचा सिरीयल क्रमांक बिलाशी जुळवावा. आपल्या भागात मी आणखी एक गोष्ट पाहतो: पत्र्याची मागची पट्टी आणि स्क्रू. त्यावर गंज किंवा पोर्टवर हिरवट थर दिसला, तर ते कार्ड दमट जागी पडून राहिलेले आहे आणि आतल्या जोडांवरही तेच झालेले असणार. असे कार्ड चालू स्थितीतही घेऊ नये.

खरेदीसाठी ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडला एक फेरी मारणे फायद्याचे आहे. ऐरोलीहून ठाणे, तिथून जलद लोकलने दादर आणि पुढे पश्चिम रेल्वेने ग्रँट रोड असा सोपा मार्ग आहे. रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात. निघण्यापूर्वी ऑनलाइन भाव लिहून न्यावेत, कारण तिथे सांगितलेला पहिला भाव शेवटचा नसतो. १८ टक्के जीएसटीसह आणि सिरीयल क्रमांक लिहिलेलेच बिल घ्यावे. बिलाशिवाय स्वस्त मिळणाऱ्या मालाची वॉरंटी पुढे सिद्ध करता येत नाही. एसएमपीएस मात्र ठाण्यात किंवा वाशीत, घराजवळच्या ओळखीच्या दुकानातून थोडा महाग पडला तरी घ्यावा, कारण बदलून मागण्याची वेळ सर्वांत जास्त त्याच्यावर येते.

भाव आठवड्याला हलतात, म्हणून वाटणी प्रमाणात सांगतो. रकमेचा साधारण निम्मा भाग कार्डाला, पाचवा भाग प्रोसेसरला आणि उरलेला एसएमपीएस, एसएसडी व रॅम यांना. रॅमचे भाव खूपच चढलेले दिसले, तर आत्ता एकच जोडीदार पट्टी घेऊन सोळा जीबी करावे आणि पुढचे थांबवावे. सर्व एकाच दिवशी बदलू नये. आधी सफाई, एक्सएमपी आणि बायोस. आठवडाभर नीट चालले की रॅम, एसएसडी आणि प्रोसेसर. त्यानंतर पुन्हा आफ्टरबर्नर लावून तेच गेम, त्याच सेटिंगवर मोजावेत. आणि शेवटी एसएमपीएस व कार्ड एकत्र. असे टप्प्याटप्प्याने केल्यास बिघाड झालाच तर तो कोणत्या भागाने आणला हे लगेच कळते. व्हॅलोरंटपुरते समाधान दुसऱ्या टप्प्यातच झाले, तर कार्डाचे पैसे काही महिने राखून चांगल्या सेकंड हँडची वाट पाहायला हरकत नाही.

जुने भाग विकून थोडी रक्कम परत मिळेल, पण नवा प्रोसेसर तीन-चार आठवडे विनातक्रार चालेपर्यंत रायझन १६०० हातचा सोडू नये आणि त्याच्या पिना झाकल्या जातील अशा प्लास्टिकच्या डबीत ठेवावा. हार्ड डिस्क विकू नये. ती फोटो आणि कागदपत्रांच्या दुसऱ्या प्रतीसाठी संगणकातच राहू द्यावी. विकायचीच असेल, तर साध्या फॉरमॅटवर न थांबता ती पूर्ण पुसून मगच द्यावी.